बोन्सायसाठी गुटी बांधताना वरची रेघ सांभाळा

गुटी म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिच्या सालीचं कडं काढायचं, तिथे ओलं मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) बांधायचं, आणि मुळं फुटली की ती कापून वेगळं झाड करायचं. आमच्या सांगोल्याकडे गुटी बांधण्याला कुणी कला म्हणत नाही. पाऊस लागला की डाळिंबाच्या बागेत बायकांची टोळी येते. कमरेला मॉसची पिशवी, हातात ब्लेड, दातात सुतळीचं टोक, आणि गप्पा मारता मारता झाडामागून झाड बांधून होतं. लग्न होऊन सांगोल्याच्या घरात गेले तेव्हा मी गुटी त्यांच्याकडूनच शिकले. पुढे पुण्यात सिंहगड रस्त्याला गच्चीचं घर मिळालं आणि बोन्सायचा नाद लागला. हात तयार होता, पण बोन्सायच्या गुटीचा विचार बागेतल्या गुटीपेक्षा वेगळा करावा लागतो.

बागेतल्या गुटीला मुळं फुटली म्हणजे काम झालं. एकाच बाजूला चार फुटली तरी चालतं, कारण रोप खड्ड्यात जातं आणि त्याचा पाय पुन्हा कुणी बघत नाही. बोन्सायमध्ये बघायचा असतो तो पायच. ट्रेच्या मातीवर बुंधा पसरलेला दिसायला हवा, मुळं चारही बाजूंनी एकाच पातळीतून निघून मातीत शिरलेली दिसायला हवीत. जपानी लोक याला नेबारी म्हणतात आणि झाड बघताना आधी तिकडे नजर टाकतात. गुटीत हा पाय आपण ठरवू तिथे आणि ठरवू तसा मिळतो, म्हणून बोन्सायवाल्यांनी गुटी शिकायची. नुसतं एक रोप वाढवायचं असेल तर नांद्रुकाची (हे वडाच्या जातकुळीतलं झाड) काडी कुंडीत खोचली तरी पुरते.

कडं काढल्यावर आत काय होतं

मुळांनी ओढलेलं पाणी लाकडातून वर चढतं. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं. सालीचं कडं काढलं तरी पाणी वर जात राहतं, म्हणून फांदी सुकत नाही. वरून येणारं अन्न मात्र कापाच्या वरच्या कडेशी अडतं, आणि त्याच्याबरोबर मुळं फोडायला लावणारं ऑक्झिनही तिथेच साठतं. सतराव्या शतकात इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगी या वैद्याने असं कडं काढून वरच्या बाजूला येणारा फुगवटा नोंदवला होता. त्याच्याच नावावरून नाव पडलेली मालपिघिया आज नर्सरीत बोन्सायसाठी मिळते, आणि तिचीही गुटी छान लागते.

यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. मुळं फुटणार ती वरच्या कडेला, त्यामुळे कडं काढताना सगळी काळजी वरच्या रेघेची घ्यायची. खालची रेघ थोडी वाकडी गेली तरी काही बिघडत नाही. आणि मुळांना लागणारं अन्न पानंच देतात, म्हणून गुटी बांधण्याआधी फांदी छाटून सुबक करायचा मोह आवरा. झाड कितीही पसरट, अजागळ दिसत असलं तरी दोन महिने तसंच राहू द्या.

कुठलं झाड, कधी

पहिली गुटी नांद्रुकाची बांधा. सोलापूर रस्त्याला हडपसर सोडून उरुळी कांचनकडे निघालात की नर्सऱ्यांच्या रांगा लागतात. तिथे मागच्या बाजूला, कुणी न घेतलेली, पिशवी फाडून मुळं जमिनीत गेलेली जुनी नांद्रुकं उभी असतात. खाली काठीसारखं सरळ खोड आणि वर दीड-दोन फुटांवर एकदम झकास फांद्या. शोभेच्या झाडांचं गिऱ्हाईक त्यांना हात लावत नाही. आपल्याला हवा असतो तो वरचाच भाग. वड, पिंपळ, उंबर यांचीही गुटी लागते, पण पिंपळाची पानं लहान करता करता जीव मेटाकुटीला येतो, म्हणून पहिल्यांदा नको.

डाळिंबाची गुटी तर आपल्याकडे ठरलेलीच. १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. चिमा यांनी आळंदी जातीतून निवडलेलं 'गणेश' काय किंवा आजचं 'भगवा' काय, बी लावून जशीच्या तशी जात मिळत नाही. फांदीतूनच ती पुढे न्यावी लागते. बोन्सायवाल्याला आणखी एक फायदा असा, की फळाला आलेल्या झाडाच्या फांदीची गुटी फळाला आलेलीच असते, तिला बाल्यावस्था नसते. फक्त एक ध्यानात ठेवा. बोन्सायमध्ये पानं लहान होतात, फळ होत नाही. वीतभर झाडाला पूर्ण आकाराचं डाळिंब लागलं तर ती फांदी वाकते आणि झाड खंगतं. एखादं फळ ठेवून बाकीची खुडावीत, किंवा शोभेचं बुटकं, छोट्या फळांचं डाळिंबच घ्यावं. आणि तेल्या पडलेल्या बागेतली फांदी कितीही देखणी असो, घेऊ नका. तेल्याचे जिवाणू गुटीबरोबर आपल्या गच्चीवर येतात.

बोगनवेलीची गुटी होते, पण मुळं काचेसारखी ठिसूळ असतात. कामिनी वेळ घेते, चिंच त्याहून जास्त. जेडच्या वाटेला जाऊ नका, त्याची जाड फांदीसुद्धा चार दिवस सावलीत सुकवून खोचली की लागते. अ‍ॅडेनियमचीही नको, ते घ्यायचं ते त्याच्या फुगलेल्या बुडासाठी आणि गुटीतून ते बूड मिळत नाही.

वेळ पावसाळ्याची. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले, हवेत ओल आली आणि झाडाची नवी पालवी कोवळी-लाल न राहता हिरवी, निबर झाली की बांधायला घ्या. तिथपासून आश्लेषापर्यंत, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बांधलेली गुटी हस्ताच्या पावसाआधी उतरवता, म्हणजे झाडापासून कापून वेगळी करता येते, आणि थंडी पडण्यापूर्वी रोपाला बसायला अवधी मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्येही गुटी लागते, पण उन्हाळा तोंडावर असतो आणि मॉस ओलं ठेवता ठेवता आपणच सुकतो. कोकणात ओलीची चिंता नाही. तिथे उलट पाणी खोडावरून ओघळून गुटीत शिरतं आणि साल कुजते, त्यामुळे वरची गाठ आणखी आवळून बांधायची.

रेघ

आता मुख्य काम. झाड नजरेच्या उंचीवर ठेवा. मी कुंडी गच्चीच्या कठड्यावर न ठेवता पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर ठेवते, खाली पडायची भीती नको. चारही बाजूंनी बघा आणि स्वतःला विचारा, हे झाड ट्रेमध्ये उभं राहील तेव्हा माती कुठे येईल? तीच तुमची वरची रेघ.

बहुतेक लोक रेघ फार खाली धरतात. खोडाचा सरळ, कंटाळवाणा भाग वर शिल्लक राहिला तर गुटी कशासाठी केली? पहिलं वळण किंवा पहिली चांगली फांदी जिथे असेल, त्याच्या थोडं खाली या. खोड जिथे दोन फाट्यांत विभागतं त्याच्या लगेच खालचा भाग आधीच रुंद असतो, तिथे मुळं फुटली तर बुंधा जन्मतःच पसरट मिळतो. जुळ्या खोडाचं झाड हवं असेल तर हीच जागा.

दुसरा मुद्दा कोनाचा. झाड पुढे ट्रेमध्ये तिरकं उभं करायचं असेल तर रेघ खोडाला काटकोनात मारून भागत नाही. खोड जेवढं कलणार तेवढीच रेघही तिरकी, म्हणजे झाड कलतं ठेवल्यावर ती रेघ जमिनीला समांतर येईल अशी. हे डोळ्यांनी जमत नाही. कुंडी एका बाजूला वीट लावून हव्या त्या कोनात कलती करा, मग पेन ओट्यापासून एकाच उंचीवर आडवं धरून खोडाभोवती फिरवा आणि खूण करा. खुणेची दोन टोकं एकमेकांना बरोबर मिळाली नाहीत तर पुन्हा फिरवा. यात पाच मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्या, कारण इथे बोटभर चूक झाली तर एका बाजूची मुळं हवेत आणि दुसऱ्या बाजूची मातीत गाडलेली अशी पुढे कायमची दिसतात.

खालची रेघ खोडाच्या जाडीच्या साधारण दीडपट अंतरावर. तीन सेंटिमीटर जाडीच्या खोडाला साडेचार सेंटिमीटर. बागेत पेन्सिलीएवढ्या फांदीला दोन-अडीच सेंटिमीटरचं कडं काढतात, ते तिथे पुरतं. नांद्रुक मात्र चिवट आहे. कडं अरुंद राहिलं तर साल वरून खाली पूल बांधते, अन्न पुन्हा खाली वाहायला लागतं आणि मुळांचं नाव नाही.

कापणं

नवं ब्लेड किंवा कलमाचा धारदार चाकू घ्या, स्पिरिटने पुसा. वरच्या रेघेवर ब्लेड लाकडाला टेकेपर्यंत दाबून गोल फिरवा. खालीही तसंच. मग दोन्हींना जोडणारा एक उभा काप द्या आणि चाकूच्या टोकाने साल उचला. पावसाळ्यात झाड रसात असतं, त्यामुळे साल एका तुकड्यात सुटते. ओढून फाडावी लागत असेल तर झाड अजून तयार नाही, आठ-दहा दिवस थांबा.

साल निघाली तरी आत लाकडावर हिरवट, बुळबुळीत थर उरतो. हाच थर पुन्हा साल तयार करतो. चाकूची धार उभी धरून तो पूर्ण खरवडा, लाकूड कोरडं आणि फिकट दिसेपर्यंत. हात फिरवून बघा, बुळबुळ लागता कामा नये. वरच्या कडेला मात्र खरवडताना धक्का लावू नका, ती स्वच्छ, धारदार राहू द्या.

नांद्रुक, वड, उंबर यांना चीक येतो. तो थांबेपर्यंत थांबा, ओल्या फडक्याने पुसा, पुन्हा आला तर पुन्हा पुसा. चिकाने कातडीला खाज सुटते, हातमोजे घाला आणि त्या हाताने डोळे चोळू नका.

मुळं सगळीकडून यावीत म्हणून मी आणखी एक गोष्ट करते, जी बागेत कुणी करत नाही. वरच्या कडेपासून वर, सालीत, अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांबीचे बारीक उभे काप देते, बोटभर अंतराने खोडाच्या सगळ्या बाजूंना. मग कापलेल्या सालीची टोकं चाकूने किंचित बाहेर ढकलते आणि त्यांत मॉसचा एकेक धागा अडकवते. कड बाहेरच्या बाजूला उघडी राहते, मुळंही बाहेरच्या दिशेनेच निघतात आणि बुंध्याला पसरटपणा येतो. जाड, जुन्या सालीच्या खोडाला याचा फायदा जास्त दिसतो.

मग मुळं फोडणारी पावडर. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पावडरींमध्ये इंडोल ब्युटिरिक अ‍ॅसिड असतं. बारीक ब्रशने फक्त वरच्या कडेला आणि त्या उभ्या कापांत लावा. संपूर्ण उघड्या लाकडावर फासण्याचा काही उपयोग नाही, तिथून मुळं येत नाहीत. नांद्रुक पावडरीशिवायही लागतं. डाळिंब, बोगनवेल, कामिनीला मात्र लावाच.

मॉस आणि बांधणी

स्फॅग्नम मॉस लांब धाग्यांचं घ्या, चुरा झालेलं नको. दोन-तीन तास पाण्यात भिजवा आणि दोन्ही हातांनी पिळा, दोरीवर टाकलं तरी ठिबकणार नाही अशा धुण्याइतकं. नवशिक्यांच्या गुट्या सुकून मरत नाहीत, कुजून मरतात, आणि कारण हेच: मॉस नीट पिळलेलं नसतं. मॉस मिळालंच नाही तर कोकोपीट चालवून घेता येतं, पण ते बांधताना सांडतं आणि फार पाणी धरतं. आमच्याकडची जुनी माणसं शेण-मातीचा गोळा लावून वर गोणपाट गुंडाळायची आणि त्यावर भोकाचं मडकं टांगायची, पॉलिथिन येण्याआधीची रीत.

मॉसचा गोळा कड्यापेक्षा दोन्ही बाजूंना दोन बोटं जास्त यायला हवा. त्यातही वरच्या बाजूला अधिक, कारण वरची रेघ गोळ्याच्या मधोमध हवी. घट्ट दाबून लावा, लाकूड आणि मॉस यांत पोकळी नको. वरून पारदर्शक पॉलिथिनची रुंद पट्टी दोन वेढे गुंडाळा, पट्टीची कड खोडाच्या पाठीमागे येऊ द्या. आधी खाली बांधा, मग वर. सुतळी भिजवून घेतली की गाठ सरकत नाही. पारदर्शक प्लास्टिक मुळं बघण्यासाठी. त्यावर काळ्या प्लास्टिकचा एक सुटा वेढा, कारण मुळांना अंधार हवा आणि आतलं मॉस तापायला नको. लोक चकाकणारा अ‍ॅल्युमिनियम फॉइल वापरतात, तोही चालतो, फक्त आमच्या गच्चीवरचे कावळे तो टोचून बघितल्याशिवाय राहत नाहीत.

बांधून झालं की झाड हलू नये म्हणून बांबूच्या काठीला तारेने किंवा पट्टीने बांधा. गोळ्याच्या वजनाने आणि वाऱ्याने खोड त्या उघड्या जागी सारखं वळलं तर कोवळी मुळं तुटतात.

थांबणं

यात करण्यासारखं फारसं काही नाही, आणि ते न करणंच जड जातं. आठवड्यातून एकदा काळा वेढा सोडून बघा. मॉस फिकट पडलेलं दिसलं तर औषधाच्या दुकानातल्या सुईच्या पिचकारीने वरच्या बाजूने थोडं पाणी घाला. आत मुंग्या शिरल्या असतील तर वरची गाठ सैल आहे, पुन्हा आवळा. झाडाला खत आणि ऊन नेहमीसारखं द्या. अन्न तयार करण्याचं काम सुरूच आहे.

नांद्रुकाला चार ते सहा आठवड्यांत पांढरी मुळं प्लास्टिकला टेकलेली दिसतात. डाळिंबालाही साधारण तेवढाच वेळ लागतो, बोगनवेल आणि कामिनी दोन ते तीन महिने घेतात. पहिलं पांढरं मूळ दिसलं म्हणून आरी आणायला पळू नका. पांढरी मुळं पाणी साठवलेली आणि नाजूक असतात, हात लागला की मोडतात. ती तपकिरी होऊ द्या, त्यांना बारीक उपमुळं फुटू द्या, गोळा बाहेरून दाबल्यावर कडक लागू द्या. एका बाजूला मुळं भरपूर आणि दुसऱ्या बाजूला मोकळी जागा असेल तर थांबण्याला आणखी अर्थ आहे. बोगनवेलीच्या बाबतीत तर पंधरा दिवस जास्तच थांबा.

दोन महिने झाले आणि मुळं नाहीत, पण पानं तरतरीत आहेत असंही होतं. मग उघडून बघा. बहुधा सालीने पूल बांधलेला असतो. तो खरवडा, वरच्या कडेचा अगदी पातळ काप पुन्हा ताजा करा आणि नवं मॉस बांधा. वरच्या कडेला नुसता पांढरा-पिवळट गाठीदार फुगवटा दिसत असेल तर काही करू नका, मुळं त्यातूनच येतात, तसंच बांधून ठेवा.

उतरवणं आणि लावणं

ढगाळ दिवस निवडा, संध्याकाळची वेळ उत्तम. कापण्याआधी कुंडी तयार हवी. माझं मिश्रण विटांच्या चुऱ्याचं असतं, बाजरीपेक्षा मोठा आणि तुरीच्या दाण्याहून लहान, धूळ चाळून काढलेला. त्यात थोडं कोकोपीट आणि मूठभर चाळलेलं गांडूळखत. पहिल्याच वेळी उथळ ट्रेमध्ये लावू नका. पसरट, पण चार-पाच इंच खोल कुंडी घ्या.

खोड धरून, गुटीच्या खालच्या बाजूने बारीक दातांच्या आरीने कापा. सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, दाबून तोडलं तर झटका बसतो. प्लास्टिक सोडा, मॉस मात्र ओढून काढू नका. सुटेल तेवढं बोटांनी सोडवा, बाकी मुळांबरोबर राहू द्या. खाली उरलेला लाकडाचा खुंट मुळांना धक्का न लावता जितका कापता येईल तितका कापा, उरलेला पुढच्या वर्षी.

कुंडीत अर्धं मिश्रण भरून त्यावर फरशीचा सपाट तुकडा ठेवा, त्यावर झाड बसवा आणि मुळं बोटांनी चहूकडे पसरवा. फरशीमुळे मुळांना सरळ खाली जायला वाटच राहत नाही, ती आडवी धावतात. गुटीच्या झाडाला सोटमूळ नसतं. शेतात मोठं झाड करायचं असेल तर लोक त्यावर वाद घालतात, ट्रेसाठी मात्र हे वरदानच आहे. मिश्रण भरून झाल्यावर कुंडीच्या भोकांतून घेतलेल्या तारेने झाड घट्ट बांधा, खाली रबराचा तुकडा ठेवून. झाड हललं तर नवी मुळं टिकणार नाहीत.

नांद्रुकाची एक तृतीयांश पानं आता कमी करा, कारण आता पाणी फक्त या छोट्या मुळांनीच ओढायचं आहे. दोन-तीन आठवडे सावली, पानांवर रोज फवारा, महिनाभर खत नाही. नवी पालवी दिसली की हळूहळू ऊन दाखवा. तारा गुंडाळणं, आकार देणं, हे सगळं पुढच्या हंगामात.

पुढच्या जूनमध्ये कुंडी उलटवा. खाली वाकलेली आणि एकमेकांवर चढलेली मुळं काढा, एखादं फार जाड झालं असेल तर ते आखूड करा म्हणजे बाकीच्यांना जोर येईल, आणि राहिलेला खुंट सपाट करा.

मूळ झाडाचं काय? नर्सरीच्या पिशवीत उरलेलं ते खोड फेकू नका. नांद्रुकाचं खोड कापाखाली, पार जुन्या सालीतूनही डोळे फोडतं. पाणी कमी करा, कारण आता पानं नाहीत, आणि अर्धवट सावलीत ठेवा. फुटव्यांपैकी योग्य जागेचा एक निवडून तोच नवा शेंडा करा. रस्त्याकडेच्या किंवा सोसायटीच्या झाडावर गुटी बांधायचा विचार असेल तर मात्र आधी परवानगी. शहरातल्या झाडांना इजा करण्यावर १९७५ च्या राज्य कायद्याने बंधन आहे, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना तो पाठ असतो.